आफ्रिकी देशांतील कर्करोग : संशोधन आणि उपचार यांची एकत्र उभारणी



सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत २०२० साली कर्करोगाचे सुमारे ८ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ५ लाख २० हजार माणसे या रोगाने दगावली, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२२ साली असा इशारा दिला, की हेच चालू राहिले तर २०३०पर्यंत या प्रदेशातील वार्षिक मृत्यू १० लाखांच्या घरात जातील. या आकड्यांना अंदाज म्हणावे लागते, कारण तेथील बऱ्याच देशांत कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरावीक लोकसंख्येतील प्रत्येक नव्या रुग्णाची नाव, वय, गाव आणि रोगाचा प्रकार यांसह सातत्याने ठेवलेली नोंद, राजधानीच्या किंवा एखाद्या जिल्ह्याच्या पलीकडे पोचलेली नाही. ज्या आजाराची मोजदादच अपुरी आहे, त्याच्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद मागणे कोणत्याही आरोग्यमंत्र्याला अवघड जाते, आणि तरतूद नसल्यामुळे मोजदादही होत नाही.

आफ्रिकेत कर्करोगाचे संशोधन उशिरा पोचले, असा एक समज आहे. तो इतिहासाला धरून नाही. युगांडाच्या राजधानीतील कंपाला कर्करोग नोंदणी विसाव्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी सुरू झाली. त्याच शहरातील मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या आयरिश शल्यविशारदाने लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या एका गाठीचे वर्णन १९५८ साली प्रसिद्ध केले. ही गाठ लसिका ऊतीची, म्हणजे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतील पेशींची असते आणि अवघ्या एक-दोन दिवसांत आकाराने दुप्पट होऊ शकते. ती कोठे आढळते आणि कोठे नाही, हे शोधण्यासाठी बर्किट यांनी दूरदूरच्या मिशनरी रुग्णालयांना छायाचित्रांसह प्रश्नावली पाठवली आणि १९६१ साली दोन सहकारी डॉक्टरांसह एका जुन्या मोटारीतून पूर्व व दक्षिण आफ्रिकेत सुमारे १०,००० मैलांचा प्रवास केला. जेथे ऊब आणि पाऊस भरपूर तेथेच हा रोग, असा नकाशा त्यातून तयार झाला आणि पुढे त्याची सांगड हिवतापाशी घातली गेली.

कंपालाहून लंडनला विमानाने पाठवलेल्या गाठींच्या तुकड्यांवर अँथनी एपस्टीन हे संशोधक काम करीत होते. डिसेंबर १९६३मध्ये आलेला एक तुकडा धुक्यामुळे विमान दुसरीकडे वळवावे लागल्याने उशिरा पोचला. नळीतील द्रव गढूळ झाला होता आणि जंतुसंसर्ग झालेला नमुना म्हणून तो टाकून देणे अगदी स्वाभाविक ठरले असते. परंतु त्यातील एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता तो गढूळपणा जिवंत, मोकळ्या तरंगणाऱ्या कर्कपेशींचा असल्याचे दिसून आले. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्या आणि १९६४ साली त्यांच्यात माणसातील कर्करोगाशी निगडित असा पहिला विषाणू सापडला. एपस्टीन आणि त्यांच्या सहकारी इव्होन बार यांची नावे त्याला मिळाली. ज्या मुलाच्या जबड्यातून तो तुकडा निघाला होता, त्याच्या नावाची किंवा पुढील हकिगतीची आठवण विज्ञानाच्या सर्वपरिचित इतिहासात उरलेली नाही.

या शोधाचे मोल निर्विवाद आहे, मात्र त्यातील देवघेवीचे स्वरूप पुढील सहा दशकांवर आपली छाप सोडून गेले, हेही तितकेच खरे आहे. प्रश्न, नमुने आणि रुग्ण कंपालाचे, तर प्रयोगशाळा, निधी आणि प्रतिष्ठा दुसरीकडची, अशी ती विभागणी होती. या गाठीवर, म्हणजे बर्किटच्या लसिकार्बुदावर, औषधोपचार अतिशय परिणामकारक ठरतो. सधन देशांत या आजाराची दहापैकी सुमारे नऊ मुले बरी होतात. ज्या प्रदेशात हा रोग प्रथम ओळखला गेला, तेथे मात्र अनेक ठिकाणी निम्मी मुलेही वाचत नाहीत. उशिरा निदान, मध्येच संपणारी औषधे, रुग्णालयापर्यंतचे प्रवासभाडे आणि उपचार अर्धवट सोडून परत जाणारी कुटुंबे ही त्याची कारणे असून त्यांपैकी एकही कारण जीवशास्त्रीय नाही.

ही विभागणी मोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्नही कंपालातच झाला, म्हणून त्याच्याकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. १९६७ साली मकेरेरे विद्यापीठ, युगांडाचे आरोग्य मंत्रालय आणि अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था यांच्या सहकार्याने एक लहानसे उपचारकेंद्र उभे राहिले आणि त्यातून युगांडा कर्करोग संस्था आकाराला आली. जॉन झीग्लर यांच्या नेतृत्वाखाली तेथे अनेक औषधे एकत्र वापरण्याच्या पद्धतीच्या चाचण्या झाल्या. चाचणीतील प्रत्येक मुलाचा पाठपुरावा व्हावा यासाठी रुग्णाच्या गावापर्यंत माणसे पाठवली जात. उपचार चांगला असल्याखेरीज चाचणी विश्वासार्ह होत नाही आणि चाचणीच्या शिस्तीमुळे उपचारही सुधारतो, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले होते. ईदी अमीनच्या राजवटीत १९७२ साली परदेशी तज्ज्ञ निघून गेले, तेव्हा चार्ल्स ओल्वेनी या युगांडाच्या डॉक्टरांनी संस्थेची धुरा उचलली. औषधे, पगार आणि सुरक्षितता या सर्वांचीच वानवा असताना संस्था बंद पडली नाही, याचे श्रेय अगोदरच प्रशिक्षित झालेल्या स्थानिक डॉक्टरांना आणि परिचारिकांना द्यावे लागते. परदेशी मदत आटल्यावर जे शिल्लक राहते, तेच खरे सामर्थ्य होय आणि कंपालात जी शिल्लक राहिली ती माणसे होती.

याच शहरातील किरणोपचार यंत्राची कहाणी याची उलट बाजू दाखवते. मुलागो येथे १९९५ साली बसवलेले कोबाल्ट यंत्र हे संपूर्ण देशातील एकमेव किरणोपचार यंत्र होते. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूतून निघणारे किरण गाठीवर रोखले, की कर्कपेशींची वाढ थांबते. परंतु या धातूची तीव्रता सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येते. म्हणजे स्रोत वेळच्या वेळी बदलला नाही तर तेवढ्याच मात्रेसाठी रुग्णाला दुप्पट वेळ झोपवून ठेवावे लागते आणि दारातील रांगही तितकीच लांबत जाते. २०१६ साली हे यंत्र कायमचे बंद पडले आणि नवे यंत्र रीतसर सुरू होण्यास जानेवारी २०१८ उजाडले. दरम्यानच्या काळात ज्यांना शक्य होते ते नैरोबीला गेले, बाकीचे गेले नाहीत.

महाराष्ट्राचा या विषयाशी असलेला संबंध येथून सुरू होतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र भारताने केनियाला भेट दिले आणि २०१८ साली युगांडालाही देऊ केले. यंत्र स्वस्त आहे, मजबूत आहे आणि अनियमित वीजपुरवठ्याचा विचार करून बनवलेले आहे. तरीही भेट दिलेल्या यंत्राबरोबर मात्रेचे गणित करणारा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, दुरुस्ती करणारा अभियंता आणि पुढच्या स्रोताची तरतूद नसेल, तर ती भेट काही वर्षांतच ओझे होऊन बसते.

यंत्राहून बार्शीचा अनुभव अधिक मोलाचा आहे, असे या व्यासपीठावरून आग्रहाने सांगणे आवश्यक वाटते. बार्शी येथे १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहत न बसता गावोगावी जाऊन, जाणत्या लोकांशी बोलून, संशयित लक्षणे असलेल्यांना तपासणीस आणत. याच पायावर पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास उभा राहिला. मानवी पॅपिलोमा विषाणूसाठी केलेल्या एकाच तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतात, हे २००९ साली त्यातून सिद्ध झाले. तुलनेसाठी निवडलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, यावर नंतर कठोर आक्षेप घेतले गेले. आफ्रिकेत असे अभ्यास आखताना ते आक्षेपही सोबत न्यावे लागतील, कारण गरीब स्त्रीला ज्ञानाचा कच्चा माल समजण्याची चूक कोणत्याही देशात क्षम्य ठरत नाही.

आफ्रिकेने स्वतः उभारलेली उदाहरणेही कमी नाहीत. रवांडाने २०११ साली मानवी पॅपिलोमा विषाणूविरुद्धची लस शाळांमधून देशभर देण्यास सुरुवात केली आणि पात्र मुलींपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत ती पोचवली. युगांडातील वेदनाशामक उपचारांचा प्रयोग तर साधेपणामुळे विशेष लक्षात राहतो. ॲन मेरिमन यांनी १९९३ साली स्थापन केलेल्या ‘हॉस्पिस आफ्रिका युगांडा’ने मॉर्फिनची भुकटी पाण्यात मिसळून, ती टिकण्यासाठी थोडे रसायन आणि तीव्रता ओळखू यावी म्हणून रंग घालून, बाटलीत भरून घरी नेता येईल असे औषध तयार केले. डॉक्टर दुर्मिळ असल्याने २००४ साली खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना ते लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. असह्य वेदनेत तळमळणाऱ्या माणसाच्या उशाशी ही रंगीत बाटली असणे, हे कोणत्याही अद्ययावत यंत्राइतकेच कर्करोग-उपचाराचे अंग आहे.

आधी उपचार उभे राहावेत, संशोधनाचे नंतर पाहता येईल, हा युक्तिवाद धोरणकर्त्यांकडून वारंवार होतो. तो मान्य करता येत नाही. आफ्रिकी वंशाच्या अनेक निरोगी माणसांच्या रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या जन्मतःच कमी असते आणि त्यामुळे त्यांना संसर्गाचा अधिक धोका नसतो. तरीही युरोप-अमेरिकेतील लोकसंख्येवरून ठरवलेली किमान मर्यादा लावल्याने अशा रुग्णांना चाचण्यांतून वगळले जाते किंवा त्यांच्या औषधाची मात्रा विनाकारण घटवली जाते. इथिओपियापासून मलावीपर्यंतच्या पट्ट्यात अन्ननलिकेचा कर्करोग एवढा का आढळतो, याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. अतिशय गरम चहा, धूर, आहारातील उणिवा अशा अनेक कारणांचा विचार चालू असून तो त्या पट्ट्यातील संशोधकांनीच पुढे न्यावा हे उचित होय. असे प्रश्न दुसऱ्या खंडातील संशोधकाला सुचतीलच, याची शाश्वती नाही.

या सर्व साखळीत सर्वांत नाजूक कडी आहे ती विकृतिशास्त्राची, म्हणजे गाठीचा तुकडा तपासून रोगाचे नाव ठरवणाऱ्या शास्त्राची. अनेक देशांत दहा लाख लोकांमागे एकही विकृतितज्ज्ञ नाही. शस्त्रक्रियागृहात काढलेला तुकडा योग्य तीव्रतेच्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवला गेला नाही किंवा त्यातच आठवडेच्या आठवडे पडून राहिला, तर स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी आहेत की नाहीत हे कळत नाही. मग स्वस्त आणि परिणामकारक गोळी जिच्यासाठी पुरेशी ठरली असती, त्या स्त्रीला ती दिलीच जात नाही. कित्येकदा तो तुकडा डबीत घालून प्रयोगशाळेपर्यंत नेण्याचे आणि तपासणीचे पैसे भरण्याचे काम रुग्णाच्या नातेवाइकांवरच येते.

म्हणून या परिषदेसमोर काही मर्यादित, परंतु पार पाडता येण्याजोगे प्रस्ताव ठेवले जात आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आणि राज्यातील इतर संस्थांत आफ्रिकी डॉक्टरांबरोबरच विकृतिशास्त्राचे तंत्रज्ञ, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आणि नोंदणीचे कर्मचारी यांच्यासाठी जागा राखाव्यात. बार्शीच्या क्षेत्र-कार्यकर्त्यांनी आफ्रिकेतील नोंदणी कार्यालयांत जाऊन काम करावे आणि तेथील कार्यकर्त्यांनी इकडे यावे. भारताकडून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक किरणोपचार यंत्राच्या करारात दोन वेळच्या स्रोत-बदलाचा खर्च आणि दोन स्थानिक अभियंत्यांचे प्रशिक्षण समाविष्ट असावे. संयुक्त संशोधनात नमुने जेथे घेतले जातील तेथेच ते जतन करण्याची सोय आधी उभारावी आणि प्रमुख संशोधक त्याच देशाचा असावा. अशा संशोधनातील चाचणीतून सिद्ध झालेले औषध चाचणी संपल्यानंतरही ती जेथे झाली त्या रुग्णालयाला परवडेल अशा दरात मिळत राहील, याची लेखी हमी पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी घेतली जावी.