कामानंतरची मुंबई
(एका भाषणावरून)



मंत्रालयात कामासाठी येणारा शिक्षक किंवा पंचायत सदस्य पुष्कळदा मुंबई न पाहताच परततो. काम दुपारपर्यंत आटोपते, गाडी रात्रीची असते आणि मधला वेळ फलाटावरील बाकावर जातो. शहर पाहावयाचे म्हणजे टॅक्सीला पैसे मोजावयाचे, ही समजूत त्याच्या मुळाशी असते. वस्तुतः १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि पुढे मुंबईची वस्ती रुळांच्या कडेकडेनेच उत्तरेस सरकत गेली. पाहण्याजोगे बरेच काही त्यामुळे स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

भायखळ्याचेच पाहा. मंत्रालयानजीक विधान भवन स्थानक आहे. तेथून २०२५ साली सुरू झालेल्या भुयारी मेट्रोने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे. पुढे धीम्या लोकलने तिसरे स्थानक भायखळा. तेथून चालत राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात जाता येते. तेथील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. जुन्या मुंबईचे नकाशे आणि निरनिराळ्या जमातींच्या मातीच्या प्रतिमा शिक्षकाने तर अवश्य पाहाव्यात. संग्रहालयाबाहेर एक दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. इंग्रजांनी त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला, परंतु उचलताना तो भंगला. पुढे तुकडे जुळवून त्याला या बागेत उभे करण्यात आले. बोटीने घारापुरीस जाण्याइतकी सवड नसलेल्याला बेटाचा हा नामदाता येथे भेटतो. बाग व संग्रहालय बुधवारी बंद असतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

जेवणासाठी माटुंगा बरे. तेथे धीमी लोकलच थांबते. जलद गाडीत बसलेला थेट पुढे जातो. स्थानकालगत १९४२ पासून चालत आलेली एक उडुपी खाणावळ आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम अगत्याने वाढले जाते. रांग असते, घाई असलेल्याने वडापाववर भागवावे.

सायंकाळी पाचनंतर उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवावयास जागा नसते. दारात लोंबकळणे तेथे जिवावर बेतते; मुले वा वृद्ध बरोबर असल्यास त्या वेळी चढूच नये. माटुंग्याहून टर्मिनसकडे परतणाऱ्याची दिशा उलट, म्हणून त्यास जागा मिळते. रात्रीची गाडी दादरहून असेल, तर ते पुढचेच स्थानक आहे.