वेटोळ्याची ठिणगी



सातवीतील एका विद्यार्थ्याने केलेले चालते यंत्र भिंतीला टेकून एकदा मागे सरले. दुसऱ्या खेपेस सरेना. मुलगा रडकुंडीस आला. दोष त्याचा नव्हता.

अशा यंत्रात रिले असतो. त्याच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहू लागला की लोखंडी पट्टी ओढली जाते, मोटारीतील प्रवाह उलटतो आणि पाय मागे पडू लागतात. मात्र ट्रान्झिस्टरने वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला, की चुंबकक्षेत्र ओसरताना सहा व्होल्टांच्या जोडणीतही क्षणभर शंभराहून अधिक व्होल्टांचा दाब उसळू शकतो व ट्रान्झिस्टर जळतो. यास्तव वेटोळ्याला समांतर डायोड जोडावा. त्याचे पट्टीची खूण असलेले टोक धन बाजूस ठेवावे. उसळलेला प्रवाह त्यातूनच फिरून शमतो.

अमेरिकेतील ऑल्बनी येथे शाळेत शिकविणारे जोसेफ हेन्री यांनी लांब तारेची जोडणी तोडताना उडणारी ठिणगी पाहिली, तिचे कारण शोधले आणि १८३२ साली ते प्रसिद्ध केले. तेही आपल्यासारखे शिक्षकच होते. जळालेला ट्रान्झिस्टर टाकून देण्यापूर्वी तो का जळाला, हे आपणही मुलांना अवश्य विचारावे.