शिष्यवृत्तीची वाट कोण बांधतो?

(ज्युबिलीनिमित्त विद्यार्थी व पालक यांच्यापुढें केलेलें भाषण)



हायस्कुलांत शिकलेला एखादा मुलगा शिष्यवृत्ति मिळवून परदेशच्या विद्यापीठांत जातो, तेव्हां आपण त्याच्या बुद्धीची वाखाणणी करतों. कोणी त्याच्या नशिबाची करतो. परंतु सारें बुद्धीवर किंवा नशिबावर टाकलें, म्हणजे आपणांवर कांहींच जबाबदारी उरत नाहीं. ही वाट खरोखर कशी बांधली जाते, हें मी आज एका विद्यार्थ्याच्या चरित्रावरून आपणांपुढें मांडणार आहें. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर.

इ. स. १९०७ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांतून ते मॅट्रिक झाले. गुण पडले ७५० पैकीं २८२. आजच्या एखाद्या पालकानें ही गुणपत्रिका पाहिली असती, तर "पुरे झालें शिक्षण, आतां कोठें तरी नोकरीला चिकट" असेंच म्हटलें असतें. पण त्या गुणांमागें काय होतें, तें पाहा. अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्म. संस्कृत शिकण्याची हौस असून ती नाकारली गेल्यामुळें पर्शियन पत्करावी लागलेली. परळच्या चाळींत एकच खोली, तींतच चूल, तींतच निजणें, तींतच अभ्यास. वडील सुभेदार रामजी सकपाळ रात्रीं दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलास अभ्यासाला उठवीत आणि नंतर स्वतः अंग टाकीत. मुलानें पुस्तक मागितलें आणि हातांत पैसा नसला, तर विवाहित लेकीकडे जाऊन तिचा दागिना आणीत, तो गहाण ठेवीत, आणि पेन्शन आली कीं सोडवून परत करीत. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता हा असा घरांतूनच भरला गेला.

दुसरा हप्ता एका शिक्षकानें भरला. हा मुलगा संध्याकाळीं चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसे. विल्सन हायस्कुलांतील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर तेथें येत. त्यांनीं त्यास पाहिलें, विचारपूस केली, वाचावयास पुस्तकें दिलीं. मॅट्रिक झाल्याबद्दल सत्काराची सभा भरली, तेव्हां स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यांनीं त्याच्या हातीं ठेविलें. इतकें पुष्कळ सज्जन करतात. केळुसकर मात्र तेथें थांबले नाहींत. पुढें कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हां ते त्यास घेऊन सयाजीराव गायकवाड महाराजांकडे गेले, आणि महाराजांनीं दरमहा २५ रुपये सुरू केले. हा मुलगा केळुसकरांच्या शाळेचा नव्हता, जातीचा नव्हता, नात्याचा नव्हता.

बी. ए. होऊन आंबेडकरांनीं बडोद्यास नोकरी धरली, तोंच २ फेब्रुवारी १९१३ रोजीं वडील वारले. त्याच सुमारास बडोदें सरकारनें कांहीं विद्यार्थी अमेरिकेंत धाडण्याचें योजिलें. ४ जून १९१३ रोजीं करारावर सही झाली : तीन वर्षें दरमहा साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर संस्थानची दहा वर्षें नोकरी. जुलैंत ते न्यूयॉर्कास पोहोंचले आणि कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. १९१५ सालीं एम. ए. झाले. मुदत मोजकी आहे हें ते जाणून होते, म्हणून एक दिवसही त्यांनीं वायां दवडला नाहीं. विद्यार्थ्यांनो, शिष्यवृत्ति ही बक्षीस नव्हे, तो एक करार आहे, हें येथें ध्यानांत घ्या.

ही पदवी सर्व दुःखांवरचें औषध ठरली, असेंही नाहीं. १९१७ सालीं करार पाळण्यासाठीं ते बडोद्यास गेले, तर अस्पृश्य म्हणून त्यांस राहावयास जागा मिळेना, आणि ती नोकरी सोडावी लागली. तरीही १९२० सालीं स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचें साह्य आणि मित्राचें कर्ज यांच्या बळावर ते पुनः लंडनला गेले व १९२३ सालीं डी. एस्सी. झाले. मग घेतलेलें ऋण त्यांनीं कसें फेडलें? १९२५ च्या जानेवारींत त्यांच्या सभेनें सोलापुरास विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढलें. १९४५ सालीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, आणि १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ कॉलेज सुरू झालें. ज्यांनीं दिलें त्यांस परत करतां येत नाहीं. मागून येणारांस देतां येतें.

आज संस्थानें नाहींत, पण वाटा पुष्कळ आहेत. जमशेटजी टाटांनीं १८९२ सालीं सुरू केलेला निधि आजही उच्च शिक्षणासाठीं कर्जरूपी शिष्यवृत्ति देतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारखीं विद्यापीठें परदेशी विद्यार्थ्यास प्रवेश देतांना त्याची ऐपत पाहत नाहींत, आणि निवड झाल्यावर त्याची गरज पाहून मदत करतात. निवड अत्यंत कठीण असते, हें खरें. पण अर्जाबरोबर शिक्षकांचीं शिफारसपत्रें लागतात, मुलानें स्वतःविषयीं लिहिलेला निबंध लागतो, मागील वर्षांचे गुण लागतात, घरच्या मिळकतीचे कागद लागतात. ही तयारी बारावीच्या निकालानंतर होत नाहीं. ती नववीपासून करावी लागते. आणि ज्या शिक्षकानें मुलास कधीं ओळखलेंच नाहीं, तो शिफारसपत्रांत काय लिहिणार?

म्हणून माझें मागणें लहान आहे. येथें बसलेले पदवीधर, शिक्षक, बँकेंतले आणि कचेरींतले लोक यांपैकीं प्रत्येकानें नववींतलें एकेक मूल आपलेंसें करावें; तें आपल्या घरचें नसावें. त्याचीं पुस्तकें पाहावीं, त्याचें इंग्रजी ऐकावें, अर्जाची तारीख चुकूं देऊं नये, आणि वेळ आली तर त्याला सोबत घेऊन चार दारें ठोठवावीं. आणखी एक. सुभेदारांच्या घरीं लेकींनीं दागिने दिले. शिक्षण भावाला मिळालें. आपल्या यादींत मुलींचीं नांवें मागें राहूं नयेत.

टाळ्या सत्काराच्या दिवशीं वाजतात. परंतु चर्नी रोडच्या बागेंत त्या मुलाची विचारपूस झाली, तेव्हां टाळ्या वाजवावयास कोणी नव्हतें. आपलें काम त्या वेळचें आहे.