बरोबरीचा जोडीदार

खानदेशात घोडा म्हटला की सारंगखेडे आठवते. तापीकाठच्या या गावी दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. (१९९८ पर्यंत गाव धुळे जिल्ह्यात होते, आता नंदुरबारात आहे, जत्रेस त्याचे काय!) गिऱ्हाईक दात पाहते, भोवरे पाहते, चाल पाहते. मोल होते ते एकट्या घोड्याचे.

चुरशीचे मोल मात्र एकट्याने ठरत नाही. १९७३ साली अमेरिकेत ‘सेक्रेटॅरिएट’ बेलमाँटची शर्यत ३१ लांबींनी जिंकला. आम्ही थक्क होतो. पण दुसरा कोण आला, हे कोण विचारतो?

उलट १९७८ साली ‘अफर्म्ड’ने मानाच्या तिन्ही शर्यती जिंकल्या आणि तिन्हींत ‘अलिडार’ दुसरा आला. अंतर पाहा: प्रथम दीड लांबी, मग मानेएवढे, शेवटी डोक्याएवढे. दोघांच्या एकंदर दहा भेटी; सात अफर्म्डच्या, तीन अलिडारच्या, त्यांतलीही एक पंचांनी बहाल केलेली. आकड्यांत हा सामना एकतर्फीच दिसतो.

लोक याला वैर म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. वैर असलेच तर पैसे लावणाऱ्यांत. बेलमाँटच्या अखेरच्या टप्प्यात अलिडार क्षणभर पुढे डोकावला, म्हणूनच अफर्म्डच्या अंगी आणखी किती धाव शिल्लक होती ते जगाला दिसले.