मौन सोडा, अंग सावरा

(कन्हान येथील महिला मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मातृशक्तीचा गौरव हा आपल्या समाजाच्या नित्य बोलण्यातला विषय आहे. व्यासपीठावरून, सणासमारंभांतून, घराघरांतील देवघरापुढेही मातेचे स्तवन होते. परंतु मातृत्व स्त्रीच्या शरीरावर जो भार ठेवून जाते, त्याविषयी त्याच घरात एक अक्षरही उच्चारले जात नाही. हा विरोधाभास ज्या दुखण्यात सर्वाधिक स्पष्ट दिसतो, ते दुखणे म्हणजे गर्भाशय किंवा त्याच्या शेजारचे अवयव खाली सरकणे. बोलीत त्याला 'अंग येणे', 'अंग बाहेर पडणे' असे म्हणतात. तेही कुजबुजत आणि दार लावून.

कन्हान हे नदीकाठचे, कोळसा खाणींचे आणि सभोवतालच्या धानशेतीचे गाव. येथील पंचेचाळीस-पन्नाशीची स्त्री डोळ्यांपुढे आणावी. तीन-चार बाळंतपणे झालेली. पैकी एखादे घरीच, दीर्घ कळा सोसून पार पडलेले. बाळंतपणानंतर पंधरवड्यातच पाण्याचा गुंड कमरेवर आलेला. आषाढ-श्रावणात दिवसभर वाकून धानाची रोवणी, घरी कोळशाच्या शेगडीच्या धुराने जडलेला जुना खोकला. चाळिशी ओलांडता ओलांडता तिला सायंकाळी ओटीपोटात जडपणा जाणवू लागतो, खाली काहीतरी उतरल्यासारखे वाटते. आडवे झाले की बरे वाटते, म्हणून ती गप्प राहते. पुढे लघवी साफ होत नाही किंवा शिंकताना थोडी निसटते, म्हणून ती लग्नकार्याला जाणे टाळते. कीर्तनाला बसणे टाळते. एक कर्ती स्त्री समाजजीवनातून हळूहळू मागे सरते आणि त्याचे कारण घरात कोणालाही ठाऊक नसते.

मौनाचे मोल

हे मौन किती खोल आहे, याचे प्रमाण विदर्भानेच जगापुढे ठेवले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांमध्ये ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक वा अधिक रोग आढळले. मात्र त्यापूर्वी कधीतरी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच आपल्या मायबहिणींनी निमूट गिळलेले दुःख होय.

या मौनाची जाण महाराष्ट्रकन्येला शतकापूर्वीच झाली होती. पुरुष वैद्यापुढे संकोचणाऱ्या भगिनींसाठी स्त्री डॉक्टर हवी, या निश्चयाने आनंदीबाई जोशी सातासमुद्रापलीकडे गेल्या. १८८६ साली फिलाडेल्फिया येथे पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. आपल्या प्राचीन वैद्यकातही या विषयाची लाज नव्हती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदांचे विवेचन आहे आणि स्थानभ्रष्ट झालेले अंग स्नेहन-स्वेदन करून पुन्हा जागी बसविण्याचा उपदेशही आहे. म्हणजे या विषयावर बोलणे परंपरेच्या विरुद्ध नाही. संकोचाने गप्प बसणे हीच मागाहून चिकटलेली सवय आहे.

अंग खाली का येते?

ओटीपोटाच्या तळाशी, पुढील जघनास्थीपासून मागील माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय हे तिन्ही अवयव या झोळीच्या आणि स्नायुबंधांच्या आधाराने आपापल्या जागी राहतात. प्रसूतीच्या वेळी ही झोळी कमालीची ताणली जाते. कळा दीर्घकाळ चालल्या, बाळ वजनाने मोठे असले, चिमट्याचा वापर करावा लागला, तर ती इजा अधिक होते. रजोनिवृत्तीनंतर शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि आधार देणाऱ्या ऊती दुबळ्या होतात. यात रोजच्या दाबाची भर पडते. बद्धकोष्ठात कुंथणे, जुना खोकला, जड ओझी आणि वाढलेले वजन ही त्याची प्रमुख कारणे. काही घराण्यांत ऊतींचा नाजूकपणा उपजतच असतो.

म्हणून हे पूर्वकर्माचे फळ नव्हे, चारित्र्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही आणि हा कर्करोगही नव्हे. आधार सैल झाला, एवढाच त्याचा अर्थ. सैल झालेला आधार बऱ्याच अंशी बळकट करता येतो.

शस्त्रक्रियेआधीचे उपाय

पहिला उपाय व्यायामाचा. १९४८ साली अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी तो आधुनिक वैद्यकात रूढ केला. योगाभ्यास करणाऱ्या भगिनींना मूलबंध ठाऊक असतो. हा व्यायाम त्याच्याच जवळचा. मात्र यात श्वास रोखायचा नसतो, हा भेद ध्यानात ठेवावा. प्रथम गुडघे दुमडून उताणे निजावे. अपानवायू आणि लघवी एकाच वेळी आवरतो, त्याप्रमाणे खालचे स्नायू आत आणि वर ओढून घ्यावेत. पोट, मांड्या व नितंब सैल असावेत. जमेल तितके, प्रारंभी तीन-चार सेकंद आणि पुढे आठ-दहा सेकंद धरावे, मग तितकाच वेळ सोडावे. अशी आठ-दहा आवर्तने दिवसातून तीनदा करावीत. महिनाभराने बसून आणि त्यानंतर उभ्याने सराव करावा. खोकताना, शिंकताना वा बादली उचलताना आधी हे स्नायू आवळून घेण्याची सवय लावावी. लघवी करता करता ती अडवून हा व्यायाम करू नये.

फळ चार दिवसांत मिळत नाही. तीन-चार महिने नेमाने करावे लागते. २०१४ साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटन, न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियातील ४४७ स्त्रिया सहभागी होत्या. ज्यांना फिजिओथेरपिस्टने प्रत्यक्ष तपासून हा व्यायाम शिकविला, त्यांचा त्रास वर्षअखेरीस इतरांपेक्षा अधिक कमी झाला होता. पूर्ण बाहेर आलेले अंग केवळ व्यायामाने आत जाऊन बसेल, अशी आशा मात्र कोणी दाखवू नये. प्रारंभीच्या अवस्थेत जडपणा व लघवीचा त्रास उणावणे, हे त्याचे खरे देणे आहे.

दुसरा उपाय कडीचा. डॉक्टर तिला 'रिंग पेसरी' म्हणतात. सिलिकॉनची ही मऊ कडी योनिमार्गात बसविली की अंग वरच तोलून धरले जाते. त्यासाठी भूल लागत नाही, टाके पडत नाहीत. मापाची कडी स्त्रीरोगतज्ज्ञाने तपासूनच बसवावी लागते. ती बसल्यावर चालता, बसता, लघवी करता यायला हवी आणि ती टोचता कामा नये. कित्येक स्त्रिया ती स्वतः काढून, धुऊन पुन्हा बसवायला शिकतात. ज्यांना जमत नाही, त्यांनी दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवावे. कडी बसवून विसरून जाणे मात्र घातक ठरते, कारण त्याने आत जखम होऊ शकते. रजोनिवृत्तीनंतर कोरडेपणा असल्यास डॉक्टर इस्ट्रोजेनचे मलम देतात.

तिसरा उपाय घराच्या हातात आहे. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, सालीसकट डाळी, सालपटासह चघळलेली संत्र्याची फोड आणि पुरेसे पाणी एवढ्याने बद्धकोष्ठ बरेचसे हटते. शौचाला कुंथू नये. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर तपासून घ्यावा. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस घरोघरी पोहोचला. तो पाहुण्यांच्या चहापुरता न ठेवता रोजच्या स्वयंपाकाला वापरावा. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलोंचे ओझे. ते दोन फेऱ्यांत विभागावे, किंवा घरातील पुरुषाने उचलावे.

घाई नको, हयगयही नको

काही ठिकाणी याच्या उलट टोकाचे घडते. 'पिशवी काढून टाका, कटकट संपेल,' असा सल्ला सहज दिला जातो. बीड जिल्ह्यात २०१९ च्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयातही पोहोचला आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्या रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला. ध्यानात घ्यावे ते हे, की सैल झाली आहे ती झोळी. केवळ पिशवी काढल्याने झोळी बळकट होत नाही. पुढे मूत्राशय किंवा योनीचा वरचा भाग खाली उतरू शकतो.

शस्त्रक्रिया म्हणजे पाप, असाही याचा अर्थ नव्हे. आपल्याच मुंबईचे डॉ. विठ्ठल शिरोडकर यांनी तरुण स्त्रियांसाठी गर्भाशय राखून अंग वर बांधण्याची पद्धत विकसित केली, ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. व्यायाम आणि कडी यांनी भागत नसेल, तर योग्य तज्ज्ञाकडून शस्त्रक्रिया करून घेण्यात कमीपणा नाही. मात्र तो निर्णय त्या स्त्रीने समजून-उमजून, शक्यतो दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घेऊन करावा.

काही लक्षणांत विलंब चालत नाही. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव, लघवी अडणे, बाहेर आलेल्या अंगावर व्रण, दुर्गंधीयुक्त स्राव, ताप, किंवा बाहेर आलेले अंग आत न जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ डॉक्टर गाठावा. कन्हानहून कामठी जवळ आहे आणि नागपुरात डागा स्त्री रुग्णालय, मेडिकल व मेयो ही शासकीय रुग्णालये आहेत. जडीबुटीच्या गोळ्या आत ठेवण्याचे प्रयोग कदापि करू नयेत.

कुटुंबाचे कर्तव्य

१९३६ साली वर्ध्याला राष्ट्र सेविका समितीची स्थापना करताना वंदनीय मावशी लक्ष्मीबाई केळकर यांनी स्त्रीच्या शारीरिक सामर्थ्याचा आग्रह धरला. ते सामर्थ्य केवळ दंड-खड्गाच्या प्रात्यक्षिकांपुरते नाही. शरीराचा जो आधार डोळ्यांना दिसत नाही, त्याचीही निगा त्यात येते.

याचा प्रारंभ बाळंतिणीपासून व्हावा. सव्वा महिना विश्रांतीची आपली रीत शास्त्रशुद्ध आहे. ती सुनेला आणि लेकीला सारखीच लागू असावी. त्या काळात जड ओझे तिच्या हाती देऊ नये, पोट करकचून बांधू नये, कारण तो दाब खालीच उतरतो. सासूने सुनेला आणि लेकीने आईला एकदा तरी मोकळेपणाने विचारावे. कर्त्या पुरुषांनी पत्नीच्या सांगण्याची थट्टा करू नये, तिला संकोच वाटत असेल तर दवाखान्यात सोबत जावे. कार्यकर्त्यांच्या कुटुंब मिलनात आहार, संस्कार, पाणी हे विषय असतात, तसा हाही विषय एखाद्या जाणत्या महिला डॉक्टरच्या उपस्थितीत यावा.

आज येथे बसलेल्या भगिनींपैकी कित्येकींनी हे दुखणे वर्षानुवर्षे पदराखाली झाकले असेल. त्यांनी घरी गेल्यावर एका विश्वासाच्या माणसाला तरी ते सांगावे आणि याच आठवड्यात तपासणीसाठी जावे. मातेचा सन्मान तिच्या स्तोत्राने होतोच. पण तिच्या हातचा गुंड कोणी उचलला, यावरूनही तो मोजला जाईल.