तो घुमट आणि ते घुमट



आज मी एकच शब्द घेऊन तुमच्यापुढे उभा आहे. शब्द तुमच्याच घरातला, खुंटीला टांगलेला आहे. घुमट.

तुम्ही म्हणाल, यात भाषण करण्यासारखे काय? चतुर्थीला खाली काढावे, आरत्या म्हणाव्या, पुन्हा टांगून ठेवावे. परंतु घाटावरच्या माणसाने हाच शब्द ऐकला, तर त्याच्या डोळ्यांपुढे वाद्य येणारच नाही. त्याला इमारतीचा गोल माथा दिसेल. फार तर विजापूरचा गोल घुमट दिसेल, महंमद आदिलशहाच्या थडग्यावरचा, १६५६ साली पुरा झालेला. तिथे एक टाळी वाजवली तर ती अनेकदा परत येते. १५१० पर्यंत आपल्या तिसवाडीवरही त्याच आदिलशाहीचा अंमल होता. हा माथ्यावरचा घुमट म्हणजे फारसीतला गुंबद. तो पुरुष, म्हणून ‘तो घुमट’. आपल्या काखेतले मात्र ‘ते घुमट’. लिंग बदलले की अर्थ बदलला!

याच कुळातली घुमटी. आपल्याकडे ती वाटेवरची, देवाची. तिच्यात तिन्हीसांजेला पणती लागते. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या मराठी माणसाला मात्र बाजारात ‘गुमटी’ म्हटले की पानाची टपरी आठवते.

आणि घुमणे? पारवा घुमतो, विहिरीत हाक घुमते, अंगात आले की माणूस घुमतो, आणि पोटातले ओठांवर न आणणारा तो घुमा. फारसी गुंबदाचा आपल्याकडे ‘घुमट’ झाला, तो या ‘घुमण्या’च्या ओढीनेच झाला असावा, असे मला वाटते. पंडितांनी हवे तर वाद घालावा.

आता वाद्याकडे या. कुंभाराने घडवलेले मडके, दोन्ही बाजूंनी उघडे. रुंद तोंडावर कातडे ताणून बांधलेले, अरुंद तोंड मोकळे. उजव्या हाताने कातड्यावर थाप, डाव्या तळव्याने मागचे तोंड झाकायचे-उघडायचे. सगळी करामत त्या डाव्या हातात आहे. झाकले की आवाज कोंडतो, उघडले की सुटतो. देवळात आरतीला हेच, शिगम्याला हेच, आणि ख्रिस्ती घरात मांडो रंगतो तोही याच्याच ठेक्यावर. शामेळ आणि कांसाळे जोडीला आली की आणखी काही लागत नाही. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला.

मान दिला, ठीक झाले. पण कातडे कुणाचे? पूर्वापार घोरपडीचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड मारणे हा गुन्हा ठरला. आज पकडला गेला तर किमान तीन वर्षांचा तुरुंग. कायदा बाजूला ठेवा, शेतकऱ्याच्या हिशेबाने बघा. घोरपड खाते काय? किडे, उंदीर, कुर्ल्या. खाजनाच्या बांधाला भोके पाडतात त्या कुर्ल्या आणि पिकात शिरतात ते उंदीर. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की काय होते, ते मी तुम्हांला सांगायला नको. आणि त्याच घोरपडीला आपण वाद्यासाठी मारत होतो!

आता बकऱ्याचे कातडे लावतात. जुने वादक नाक मुरडतात, तो नाद नाही म्हणतात. त्यांचा कान खोटा नाही. कातडे बदलले की आवाज बदलणारच. पण नादाचा मोठा भाग मातीचा आणि डाव्या हाताचा आहे, एवढे मी ठामपणे म्हणेन. तेव्हा कातड्यापेक्षा मडक्याची काळजी करा. डिचोलीच्या कुंभाराकडे जा, दोन पैसे जास्त द्या. चाक थांबले तर कातडे कशावर ताणणार?

आणि भाद्रपदातल्या दमट हवेत कातडे सैल पडले, तर घाईने निखाऱ्यावर धरू नका. लांबूनच शेकवा, हळूहळू फिरवत. मधूनमधून बोटाने टिचकी मारून ऐका.