वारशाची किंमत कोणी मोजावयाची?

(तेलगाव येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



तेलगावात बसून पुण्याच्या शनिवारवाड्याची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने बांधलेला धारूरचा किल्ला आपल्याच तालुक्यात आहे. जुन्या वास्तूच्या सावलीत राहणाऱ्या माणसाचा प्रश्न केवळ महानगराचा नव्हे.

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना केंद्राचा 1958 चा अधिनियम लागू होतो. 16 जून 1992 च्या अधिसूचनेने अशा स्मारकांभोवतीचा 100 मीटरचा टापू प्रतिबंधित व त्यापुढील 200 मीटरचा विनियमित ठरविला. 2010 च्या दुरुस्तीने ही मर्यादा कायद्यातच घातली. प्रतिबंधित टापूत नवी इमारत उभारता येत नाही. जुने घर पाडून पुन्हा बांधण्यासही वाव नाही. डागडुजी व नूतनीकरण तेवढे करता येते, तेही परवानगी घेऊन. उल्लंघनास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत.

शनिवारवाड्याभोवतीच्या पेठांत जुने वाडे आहेत. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू राहतात. गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, असे मालक म्हणतो. पुनर्विकासाची वाट कायद्याने बंद. मग भिंत पावसाळ्यागणिक खचत जाते. दुरुस्तीसाठी अर्ज करण्याचा अधिकार कलम 20-सी देते ते इमारतीच्या मालकाला. ज्याच्या डोक्यावर तुळई कोसळावयाची, त्या भाडेकरूचा त्यात उल्लेखही नाही. त्याचे पुनर्वसन कोणी करावे, याविषयीही 2010 ची दुरुस्ती मौन पाळते.

अर्थशास्त्राच्या भाषेत स्मारक ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ साऱ्या समाजाला मिळतो. तिच्या रक्षणाचा भार मात्र शंभर मीटरच्या आत राहणाऱ्यांवर पडतो. हा एक अदृश्य करच होय, आणि तो ऐपत न पाहता वसूल होतो.

म्हणून मर्यादाच उठवा, असे म्हणणाऱ्यांच्या मागे आपण जाऊ नये. मोकळी झालेली जमीन भाडेकरूच्या नव्हे, बिल्डरच्या हाती जाईल. प्रतिबंधित टापूतही परवानग्या वाटल्या जात होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये ती पद्धत बेकायदेशीर ठरविली, त्यानंतरच 2010 चा कायदा आला. पुढे केंद्राच्या सार्वजनिक कामांना या टापूत सूट देणारे विधेयक लोकसभेने जानेवारी 2018 मध्ये संमत केले आणि ते राज्यसभेत प्रवर समितीकडे गेले. सरकारला स्वतःच्या रस्त्यापुलांची अडचण तत्काळ दिसली. भाडेकरूचे गळके छप्पर दिसले नाही.

आपल्या मागण्या तीन असाव्यात. दुरुस्तीच्या अर्जाचा अधिकार भाडेकरूलाही मिळावा. मोडकळीस आलेल्या घरांच्या दुरुस्तीचा खर्च, राहत्या माणसाला न उठवता, सार्वजनिक निधीतून व्हावा. प्रत्येक स्मारकासाठी वारसा उपविधी करण्याची तरतूद कायद्यात आहेच. ते रहिवाशांशी विचारविनिमय करून ठरावेत.

धारूर असो वा अन्य कोणतेही गाव, कार्यकर्त्याने प्रथम हे पाहावे : वास्तू केंद्राच्या यादीत आहे की राज्याच्या 1960 च्या अधिनियमाखाली? हद्द कोठून मोजली? आत कोण राहतो, मालक की भाडेकरू? एवढी माहिती हाती असल्याशिवाय मोर्चा काढू नये. आणि ती हाती आल्यावर घरी बसू नये.